निळं तेल आणि निपाणीची वखार

रात्री दोन वाजता मोरीतून भांड्यांचा आवाज आला. उठून बघते तर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दिव्याखाली बसून पितळी तांब्ये घासत होत्या. आदल्या दिवशीच मी ते घासले होते. "झोप येत न्हाई, मग हात तरी चालवूदे की," एवढंच म्हणाल्या. मामंजी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शहात्तराव्या वर्षी लगेच झोपेची गोळी नको म्हणून सांगितलं. दुपारची डुलकी कमी करा, चारनंतरचा चहा बंद करा. डुलकी कमी झाली. चहा काही बंद झाला नाही, कारण आमच्या बेळगावच्या शहापुरात चार वाजता शेजारणी येतात आणि त्यांच्यापुढे चहा न ठेवणं आत्तींच्या हिशेबात माणुसकी सोडण्यासारखं आहे. मग पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर तोडगा काढला: "कॅमोमाइलचं तेल लाव गं तिच्या उशीला. इकडं सगळ्या लावतात."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. शेवंतीच्या कुळातली कसलीतरी फुलं आणि त्यांचा चहा, यापलीकडे मला कॅमोमाइल माहीत नव्हतं. कॅम्पातल्या एका दुकानात बाटली मिळाली. 10 मिली, 180 रुपये, लेबलावर डोळे मिटलेली गोरी बाई आणि नुसतं "कॅमोमाइल ऑइल". तेल निळंशार. उशीच्या कोपऱ्याला दोन थेंब लावले. आत्तींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो तर शाम्पू हाय." खरंच होतं. हिरव्या सफरचंदाच्या शाम्पूचाच वास तो.

सफरचंदाचा वास यात मुळातच चुकीचा, असंही नाही. कॅमोमाइल हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थच जमिनीवरचं सफरचंद. पण त्या नावाखाली दोन झाडं नांदतात. एक रोमन कॅमोमाइल. ते बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारं, आणि सफरचंदी वास त्याच्या तेलाला. त्याचं तेल फिकट पिवळसर, फार तर किंचित निळसर. दुसरं जर्मन कॅमोमाइल, एका हंगामाचं, गुडघ्याएवढं वाढणारं. गडद शाईसारखं निळं तेल याचं. आपल्याकडचे हकीम ज्याला बाबूना म्हणतात ते बहुतेक हेच. माझ्या बाटलीत रंग एकाचा होता आणि वास दुसऱ्याचा. तिथंच मला शंका यायला हवी होती.

शंका आली ती दुसऱ्या दिवशी, भज्यांच्या कागदावरून. वर्गात आपण शिकवतो ना, शेंगदाणा कागदावर घासला की तेलकट डाग राहतो. फुलांच्या उडून जाणाऱ्या सुगंधी तेलाचा तसा डाग सहसा राहत नाही. कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. सकाळी तिथं भज्याच्या पुडीसारखा पारदर्शक गोल डाग, कडेला निळी रेघ. म्हणजे बहुधा कसलंतरी खाद्यतेल, त्यात सेंट आणि रंग. (डाग पडला नसता तरी तेल शुद्ध ठरलं नसतं, बनावट सेंटही उडून जातातच.)

मग मी बसून हिशेब केला, आणि तो करायला मला आधी सुचलं नाही याची लाज वाटली. युरोपच्या औषधकोशात या फुलांचा निकष आहे: एक किलो वाळलेल्या फुलांतून कमीत कमी 4 मिली निळं तेल निघायला हवं. चांगल्या फुलांतून जास्तही निघतं. तरी 4 धरलं तर 10 मिलीला अडीच किलो वाळकी फुलं लागणार. एक किलो वाळकं व्हायला चार-पाच किलो ओली फुलं, म्हणजे दहा-बारा किलो ओली फुलं हाताने खुडायची, वाळवायची, तासन्‌तास वाफ द्यायची. एवढं सगळं 180 रुपयांत? अशोकनगरच्या फूलबाजारात गणपतीच्या आदल्या दिवशी त्या पैशात शेवंतीसुद्धा किती येईल, ते तिथं गेलेल्याला विचारा.

बाबूना हे नाव कळल्यावर मी दरबार गल्लीत एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडे गेले. त्यांनी लगेच फळीवरून बाटली काढली, रोगन बाबूना. तेल पिवळट तपकिरी, वास तिळाचा. मी म्हटलं, हे झोपेसाठी? ते हसले. "ये जोडों के दर्द का तेल है बाई, नींद का नइं." तिळाच्या तेलात फुलं मंद आचेवर मुरवून, गाळून हे करतात. युनानीत सांधे, पाठ, आखडलेली मान यांवर ते चोळायची जुनी पद्धत आहे. आपण माका नाहीतर जास्वंद खोबरेल तेलात कढवतो, तसंच. त्यांनी काही खपवायचा प्रयत्न केला नाही, हे मुद्दाम लिहिते.

एकाच फुलाच्या या तीन तऱ्हा घरात कुणाला समजावून सांगाव्यात म्हटलं तर ऐकणार कोण? शेवटी दहावीच्या मुलांना सांगितलं. चहात उतरतं ते पाण्यात विरघळणारं. त्यात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं आणि चहाच्या शांत करण्याच्या गुणाचं श्रेय बरेचदा त्याला देतात. ते वाफेबरोबर उडत नाही, म्हणून उडत्या तेलात ते नसतंच. तिळाच्या तेलात उतरतं ते तेलात विरघळणारं. आणि वाफेवर स्वार होऊन येतं ते खरं सुगंधी तेल. तेव्हा चहाचे गुण बाटलीवर छापणारा एक तर अडाणी असतो, नाहीतर चलाख. जाता जाता एक: हा चहा झाकण ठेवून मुरवावा, नाहीतर जो थोडा सुगंध असतो तोही स्वयंपाकघरभर होतो.

आता माझ्या डोक्यात भूत बसलं होतं. उत्तर प्रदेशातून वाळकी फुलं पाव किलो मागवली. तिकडं रब्बीत याची लागवड होते, आणि लखनौच्या सीमॅप या संस्थेने 'वल्लरी' नावाचं वाणही काढलेलं आहे. पुडा उघडला तर फुलं शेवंतीच्या पोरांसारखी, चिमुकली, पांढऱ्या पाकळ्या गळत आलेल्या, मधला पिवळा गोंडा फुगलेला. ओळखायची खूण अशी, की तो गोंडा ब्लेडने उभा चिरायचा. जर्मन कॅमोमाइलचा आतून पोकळ निघतो. दिसायला तशाच असणाऱ्या दुसऱ्या फुलांचा भरीव असतो. मी दहा फुलं चिरली आणि दहाही पोकळ निघाली. आत्ती बाजूला तांदूळ निवडत होत्या. "फुलं चिरून काय सापडलं?" "काही नाही, आत्ती." "मग कशाला चिरूलीस?"

इथं माझा मूर्खपणा येतो. आमच्या ह्यांना पावसाळ्यानंतर मानेवर, कोपराच्या लवणीत खाज सुटते. उचगावच्या रानात गाजरगवत फोफावलं की ठरलेलं. आमच्याकडे त्याला काँग्रेस म्हणतात. 1955 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं, आणि आज आमच्या बांधावर शाळूपेक्षा तेच जोमात असतं. कॅमोमाइल त्वचेची आग शांत करतं असं मी चार ठिकाणी वाचलेलं. युरोपच्या औषध संस्थेनेही किरकोळ त्वचादाह, पोटाचा गुबारा, तोंड येणं अशा तक्रारींसाठी ही फुलं मान्य केलीत, मात्र 'पारंपरिक वापर' या खात्यात. म्हणजे मोठ्या चाचण्यांच्या नव्हे, दीर्घ वापराच्या आधारावर. मी मूठभर फुलं गरम पाण्यात भिजवली, फडक्यात बांधली आणि कोमट पोटीस ह्यांच्या मानेवर वीस मिनिटं ठेवलं. रात्री नऊपर्यंत मान लालभडक झाली. कान सुजले. हे काही बोलले नाहीत, फक्त आरशात बघून माझ्याकडे बघितलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काँग्रेसची अॅलर्जी आहे काय ह्यांना? आणि तुम्ही शेवंतीच्या कुळातलंच फूल बांधलात?" मी विज्ञानाची शिक्षिका! सूर्यफूल, झेंडू, शेवंती, गाजरगवत, कॅमोमाइल, सगळी एकाच घराण्यातली. गाजरगवताची खाज ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे येते तशीच द्रव्यं त्या कुळात कमीअधिक सगळीकडे आढळतात. शिवाय कॅमोमाइलच्या पुड्यात त्याच्या तापट भाऊबंदांची भेसळ असली तर मग विचारायलाच नको. ही द्रव्यं वाफेबरोबर फारशी येत नाहीत, म्हणून उडत्या तेलात ती नगण्य असतात. तरी ह्यांनी तेलाच्याही वाटेला जाऊ नये असं त्यांनी बजावलं. मलम आठवडाभर लागलं. घरात कॅमोमाइलची मूठ उघडायची तर ह्यांना परसात पाठवायचं, असा नियम झाला.

आत्तींबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? नव्हती, फक्त रक्तदाबाची होती. अशी गोळी घेणाऱ्या एका वृद्धेला या फुलांचा चहा आणि लोशन भरपूर वापरल्यावर अंतर्गत रक्तस्राव झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. "चोळा, पण पातळ करून, आणि आधी हातावर लावून बघा. पोटात तेल एक थेंबसुद्धा नको."

उरलेल्या फुलांचं काय करायचं? वाफेवर स्वतःच तेल काढून बघायचं ठरवलं. एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांच्या परवानगीने प्रयोगशाळा उघडली. लीटरभराचा गोल चंबू, उभी नळी, वाफ थंड करणारा लीबिगचा कंडेन्सर, टोकाला परीक्षानळी. चंबूत साठेक ग्रॅम फुलं आणि निम्म्याच्या वर पाणी. यापेक्षा जास्त भरता येत नाही, फुलं फुगून वर येतात आणि नळीचं तोंड धरतात. (घरी कुकरला नळी जोडून करणारे आहेत. वाफेची वाट तुंबली तर काय होईल ते सांगायला नको. मी ते केलं नाही.) दहावीतली चार मुलं आपणहून थांबली, त्यातली दोन खरं तर आमच्या डब्यातल्या कुंद्यासाठी.

तासभर नुसतं गढूळसर पाणी टपकत राहिलं. वास मात्र सगळ्या व्हरांड्यात पसरला. शिपाईमामा बघायला आले आणि म्हणाले, कुणी कडबा उकळलाय काय? दुसऱ्या तासात एका पोरीने कंडेन्सरच्या आतल्या काचेकडे बोट दाखवलं. "टीचर, निळं!" आतल्या नळीला निळ्या शाईची बारीक साय धरली होती. तेल जाड, थंड काचेला चिकटून बसलेलं. थंड पाण्याचा नळ जरा वेळ बंद केला, नळी कोमट झाली, तशी ती साय सरकत सरकत खाली आली आणि परीक्षानळीतल्या पाण्यावर एक निळी कडी झाली. तीन तासांची कमाई म्हणजे दोन, फार तर तीन थेंब.

पांढरी-पिवळी फुलं, मग निळा कुठून आला? मुलांनी विचारायच्या आत मीच विचारलं. एकाने सांगितलं, "शाई टाकलात." फुलात निळं काहीच नसतं. त्यात मॅट्रिसिन नावाचं बिनरंगी द्रव्य असतं. वाफेच्या उष्णतेनं ते मोडतं आणि त्याचं कॅमाझुलीन होतं, ते निळं. हळदीत चुना पडला की लाल कुंकू होतं, ते लाल ना हळदीत असतं ना चुन्यात. हे उदाहरण दिल्यावर चौघांच्या माना हलल्या. कढवलेल्या तिळाच्या तेलात हा निळा दिसत नाही, तेही त्यामुळंच. ती परीक्षानळी बूच लावून आम्ही खिडकीत ठेवली. तिथंही एक धडा झालाच: महिन्याभरात निळ्याचा हिरवा झाला, पुढं मळका तपकिरी. उजेडाला आणि हवेला हे तेल टिकत नाही. म्हणून चांगलं तेल गडद काचेच्या बाटलीत येतं आणि पारदर्शक बाटलीत मिरवणाऱ्या निळ्याकडे मी आता संशयानेच बघते.

दोन थेंबांनी आत्तींची झोप येणार नव्हती. बंगळुरात नोकरी करणाऱ्या भाच्याने शेवटी नीट जागेवरून 5 मिली आणलं. लेबलावर मॅट्रिकेरिया कॅमोमिला हे शास्त्रीय नाव, कुठल्या भागाचं, कुठल्या देशाचं, कुठल्या खेपेचं, सगळं होतं. किंमत मी ह्यांना अजून सांगितलेली नाही.

बूच उघडलं. सफरचंद नाही, फूल नाही, पुण्याच्या नणंदबाईंच्या वर्णनातलं काहीच नाही. गोडूस, जड, आंबूस, उन्हात तापलेल्या गवताच्या गंजीसारखा वास. माझं तोंड वाकडं झालं. बाटली आत्तींच्या नाकाशी धरली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तंबाखू."

आत्तींचं माहेर निपाणी. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची, हे मला माहीत होतं, पण एका ओळीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्या ओळीपुढं त्या कधी गेल्या नव्हत्या.

तीस मिली तिळाच्या तेलात तीनच थेंब टाकले. साधारण अर्धा टक्का. धडधाकट माणसाला सहा थेंब म्हणजे एक टक्का चालतो, पण आत्तींची कातडी कागदासारखी झालीय. कोपराच्या आत लावून दोन दिवस बघितलं, काही उठलं नाही. मग रात्री साडेनऊला काशाची वाटी घेऊन तळपाय घासायला बसले. हे काही माझं संशोधन नाही. माझी आजी खानापुरात उन्हाळी लागली की आजोबांचे तळपाय अशीच घासायची, फक्त गाईच्या तुपाने. वाटी काळी पडते, आणि आपल्याकडे म्हणतात की उष्णता उतरली. खरं तर धातूचा आणि तेलातल्या आम्लांचा तो खेळ असतो, पण ते आत्तींना सांगायला मी गेले नाही. हिरवट तेलाचे डाग चादरीला पडतात, तेव्हा खाली जुनं लुगडं.

पहिल्या रात्री त्या झोपल्या नाहीत. बोलत बसल्या. वखारीत पोरांना आत घ्यायचे नाहीत, म्हणून आई त्यांना रिकाम्या बोदाखाली, म्हणजे तंबाखूच्या मोठ्या पोत्याखाली, लपवायची. मुकादम आला की शिंक दाबायची. शिंक दाबून दाबून डोळ्यांतून पाणी यायचं. 1981 साली निपाणीत तंबाखूच्या शेतकऱ्यांनी हमरस्ता धरला, गोळीबार झाला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ तिथं होता आणि दोन दिवस घरी आला नव्हता. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मध्ये मामंजी आले, त्यांचा तंबाखूचा बटवा आला, तो लपवून ठेवल्याचं भांडण आलं. अकराला कधीतरी वाक्य अर्ध्यात राहिलं.

साताठ दिवसांत मोरीतला आवाज थांबला. आता शिक्षिका असण्याचा दोष म्हणा, मला राहवलं नाही. तेलाचा गुण, की तळपाय घासण्याचा, की साडेनवाला सगळ्यांनी टीव्ही बंद केला त्याचा? एका रात्री न सांगता नुसतं तिळाचं तेल घेतलं. वाटी फिरवली. आत्ती गप्प पडून होत्या. पाचेक मिनिटांनी विचारलं, "आज वास न्हाई व्हय?"

मी खोटं बोलले, म्हटलं विसरले. त्या रात्रीही त्या झोपल्या, जरा उशिरानं. एका रात्रीच्या प्रयोगाला प्रयोग म्हणत नाहीत, आणि या तेलानं झोप येते हे पक्कं सिद्ध झालंय असंही कुठं नाही, तेव्हा मी नणंदबाईंना एवढंच कळवलं, की त्रास कमी आहे. त्यांनी लगेच आणखी दोन तेलांची नावं पाठवली. मी उत्तर दिलेलं नाही.

दुसऱ्या रात्री रुमालाच्या कोपऱ्याला एक थेंब लावून उशीशी ठेवला आणि वाटी घेतली. आत्तींनी डोळे मिटले, रुमाल नाकाकडे ओढला.

"हां, तर मुकादम आला," त्या म्हणाल्या, "आणि मला नेमकी शिंक आली."

ह्यांनी दाराबाहेरूनच विचारलं, "मग?" आत यायला त्यांना बंदी आहे.